फिल्टरचा कोड दुसऱ्या भाषेत नेताना: प्रतिमेच्या कडेचे पिक्सेल कसे सांभाळावेत

आपल्याकडे शेत गुंठ्यांत मोजतात, आणि एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या सर्वांत बारीक पट्ट्यांमधला (बँडमधला) एक पिक्सेल १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतो. म्हणजे एक पिक्सेल आणि एक गुंठा हे जवळजवळ सारखेच भरतात. औसा किंवा निलंगा तालुक्यातले एक एकराचे चौकोनी सोयाबीनचे शेत अशा प्रतिमेत जेमतेम ६ बाय ६ पिक्सेलांचे दिसते. ते शेत कापून घेऊन त्यावर ५ बाय ५ चा सरासरीचा फिल्टर चालवला, म्हणजे प्रत्येक पिक्सेलच्या जागी त्याच्याभोवतीच्या २५ पिक्सेलांच्या खिडकीची सरासरी ठेवली, तर ज्यांची पूर्ण खिडकी शेताच्या आत बसते असे पिक्सेल फक्त ४ उरतात. उरलेल्या ३२ पिक्सेलांची उत्तरे बांधापलीकडे काय आहे असे आपण धरले, यावर ठरतात.

हाच फिल्टर ४००० बाय ३००० पिक्सेलांच्या मोबाइल फोटोवर चालवला, तर १ कोटी २० लाख पिक्सेलांपैकी केवळ २७,९८४ पिक्सेलांना कडेचा स्पर्श होतो, म्हणजे पाव टक्क्याहूनही कमी. बहुतेक जण फिल्टर शिकतात ते अशा मोठ्या फोटोंवर, आणि म्हणून कडेचा प्रश्न किरकोळ वाटतो. मराठवाड्यातल्या लहान जमिनींवर काम करणाऱ्याला तो किरकोळ मानता येत नाही. मॅटलॅबमध्ये लिहिलेला जुना कोड पायथनमध्ये, पायथनमधला सी मध्ये किंवा ज्युलियामध्ये नेताना हा प्रश्न सर्वांत जास्त त्रास देतो, कारण कोड विनातक्रार चालतो, चित्र डोळ्यांना तेच दिसते आणि आकडे मात्र बदललेले असतात.

आधी कापणे की आधी फिल्टर?

कोड उघडण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी. मूळ कोडमध्ये आधी शेत कापून मग फिल्टर चालवला आहे, की आधी पूर्ण प्रतिमेवर फिल्टर चालवून मग शेत कापले आहे? दुसऱ्या पद्धतीत शेजाऱ्याच्या शेतातले खरे पिक्सेल सरासरीत येतात. पहिल्या पद्धतीत बाहेरचे पिक्सेल कल्पनेने भरले जातात. दोन्ही पद्धतींना आपापली कारणे आहेत. शेजारी ऊस असेल, तर त्याचा हिरवेपणा सोयाबीनच्या कडेच्या पिक्सेलांत मिसळू नये म्हणून आधी कापणे योग्य ठरते. परंतु भाषांतर करणाऱ्याने हा क्रम नकळत बदलला, तर पुढची कोणतीही काळजी उपयोगी पडत नाही.

ओपनसीव्ही या प्रतिमांवर काम करणाऱ्या लायब्ररीत, सी++ मधून वापरताना, तर हा क्रम दिसत असूनही फसवतो. तिथे मोठ्या प्रतिमेचा एखादा तुकडा केवळ खिडकी म्हणून घेतला, त्याची स्वतंत्र प्रत केली नाही आणि त्यावर फिल्टर चालवला, तर फिल्टर तुकड्याबाहेरचे खरे पिक्सेल वाचू शकतो. ते नको असेल, तर ‘बॉर्डर आयसोलेटेड’ हा पर्याय जोडावा लागतो किंवा आधी प्रत करून घ्यावी लागते. पायथनच्या नमपाय पॅकेजमध्ये कापलेल्या तुकड्यावर सायपाय पॅकेजचा फिल्टर चालवला, तर तो तुकड्याबाहेर कधीच पाहत नाही. वाचताना दोन्ही ओळी सारख्याच दिसतात, म्हणून इथे थांबून खात्री करावी.

पाच आकड्यांची ओळ

आता मुख्य काम. बॉर्डरच्या, म्हणजे कडेबाहेर काय धरायचे त्या, पर्यायाच्या नावावर विश्वास ठेवू नये. एक छोटी ओळ घेऊन ती फिल्टरमधून काढावी आणि उत्तर वाचावे. मी नेहमी ३०, ६०, १२०, २१०, ३०० ही ओळ वापरतो आणि तिच्यावर पाच पिक्सेल रुंदीची साधी सरासरी चालवतो. हे आकडे मुद्दाम असे निवडले आहेत, की पहिल्या पिक्सेलचे उत्तर प्रत्येक पद्धतीत वेगळे आणि पूर्णांकात येते.

पहिल्या पिक्सेलच्या खिडकीत ३०, ६० आणि १२० हे तीन खरे आकडे येतात, त्यांची बेरीज २१०. डावीकडच्या दोन रिकाम्या जागा शून्याने भरल्या, तर उत्तर ४२ येते. कडेचाच आकडा पुन्हा पुन्हा लिहिला, म्हणजे ३०, ३०, तर ५४ येते. कडेवर आरसा ठेवून कडेच्या पिक्सेलचेही प्रतिबिंब घेतले, म्हणजे ६०, ३०, तर ६० येते. आरसा कडेच्या पिक्सेलच्या मधोमध ठेवून तो पिक्सेल पुन्हा घेतला नाही, म्हणजे १२०, ६०, तर ७८ येते. प्रतिमा गोल गुंडाळली आहे असे मानून उजव्या टोकाचे २१०, ३०० घेतले, तर १४४ येते. बाहेरचे काहीच न धरता असलेल्या तीनच आकड्यांची सरासरी काढली, तर ७० येते. एवढे सहा आकडे वहीत लिहून ठेवले, तर कोणत्याही भाषेतला कोणताही फिल्टर कडेला काय करतो हे एका ओळीच्या चाचणीत कळते. शेवटच्या पिक्सेलचीही उत्तरे पाहावीत: शून्य भरल्यास १२६, कड पुन्हा लिहिल्यास २४६, कड धरून आरसा ठेवल्यास २२८ आणि कड वगळून १९२. डाव्या बाजूला एक आणि उजव्या बाजूला दुसरेच वागणारे हाताने लिहिलेले कोड मी पाहिले आहेत, आणि ते याच आकड्यांनी पकडले जातात.

चाचणीसाठी तीन पिक्सेलांची खिडकी वापरू नये. तीनच्या खिडकीत बाहेरचा एकच पिक्सेल लागतो, आणि कड पुन्हा लिहिणे व कड धरून आरसा ठेवणे या दोन्ही पद्धतींत तो पिक्सेल ३०च असतो. दोन्हींचे उत्तर ४० येते, चाचणी पास होते, आणि पुढे कोणी खिडकी मोठी केली की फरक उघडा पडतो. ३ बाय ३ वर तपासून ‘जुळले’ म्हणून पुढे जाणे ही माझ्या पाहण्यातली सर्वांत सामान्य चूक आहे.

एकच नाव, दोन अर्थ

नावांवर विश्वास का ठेवू नये, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण ‘रिफ्लेक्ट’ हा शब्द आहे. सायपायच्या एनडीइमेज विभागात ‘रिफ्लेक्ट’ म्हणजे कड धरून आरसा. नमपायच्या पॅड फंक्शनमध्ये तोच ‘रिफ्लेक्ट’ म्हणजे कड वगळून आरसा. ही दोन्ही पॅकेजे एकाच पायथन फाइलच्या पहिल्या दोन ओळींत इम्पोर्ट केलेली असतात, आणि एका शब्दाचे त्यांचे दोन अर्थ आहेत.

म्हणून नावांची जुळणी पुढीलप्रमाणे लक्षात ठेवावी. कड धरून आरसा हवा असेल, तर मॅटलॅब, ज्युलियाचे इमेजफिल्टरिंग आणि नमपाय पॅड यांत त्याला ‘सिमेट्रिक’ म्हणतात, सायपाय एनडीइमेजमध्ये ‘रिफ्लेक्ट’ म्हणतात, सायपायच्याच सिग्नल विभागातल्या कॉन्व्हॉल्व्ह-टूडी मध्ये ‘सिम’ म्हणतात आणि ओपनसीव्हीमध्ये ‘बॉर्डर रिफ्लेक्ट’ म्हणतात. कड वगळून आरसा हवा असेल, तर नमपाय पॅड, ज्युलिया आणि पायटॉर्च यांत ‘रिफ्लेक्ट’, सायपाय एनडीइमेजमध्ये ‘मिरर’ आणि ओपनसीव्हीमध्ये ‘बॉर्डर रिफ्लेक्ट १०१’ असे नाव आहे. १०१ या आकड्यात मधले शून्य एकदाच येते, तसा कडेचा पिक्सेल एकदाच येतो, अशी खूण ठेवली तर विसर पडत नाही. मॅटलॅबच्या इमफिल्टरमध्ये कड वगळणारा पर्यायच नाही. ओपनसीव्हीकडून मॅटलॅबकडे येताना तो इंडेक्सने हाताने तयार करावा लागतो. कड पुन्हा लिहिण्याला सायपाय ‘नीअरेस्ट’ म्हणते आणि बाकीचे बहुतेक ‘रेप्लिकेट’. नमपाय पॅडमध्ये मात्र ‘एज’.

न लिहिलेला पर्याय

जुन्या कोडमध्ये बॉर्डरचा पर्याय बहुधा लिहिलेलाच नसतो, आणि मग डिफॉल्ट लागू होते. मॅटलॅबचे इमफिल्टर न सांगता शून्य भरते. सायपाय एनडीइमेज न सांगता कड धरून आरसा ठेवते. ओपनसीव्हीचे बहुतेक फिल्टर न सांगता कड वगळून आरसा ठेवतात. ज्युलियाचे इमफिल्टर न सांगता कड पुन्हा लिहिते. मॅटलॅबच्या आणि ज्युलियाच्या फंक्शनचे नाव अक्षरशः एकच असल्यामुळे भाषांतर करणारा ती ओळ तशीच उतरवतो, आणि आपल्या ओळीचे पहिले उत्तर ४२ चे ५४ होते.

एकाच पॅकेजमध्येही डिफॉल्ट सारखे नसते. मॅटलॅबमध्ये इमफिल्टर शून्य भरते, तर इमगॉसफिल्ट कड पुन्हा लिहिते. ओपनसीव्हीमध्ये मीडियन ब्लर (खिडकीतले आकडे क्रमाने लावून मधला घेणारा फिल्टर) नेहमी कड पुन्हा लिहितो आणि पर्याय देतच नाही. म्हणून प्रत्येक फंक्शनसाठी चाचणी वेगळी करावी आणि नव्या कोडमध्ये पर्याय नेहमी उघडपणे लिहावा, तो डिफॉल्टच असला तरीही.

मीडियनचे एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. मॅटलॅबचे मेडफिल्ट-टू न सांगता शून्य भरते. ३ बाय ३ च्या खिडकीत कोपऱ्यातल्या पिक्सेलला ४ खरे शेजारी मिळतात, तो स्वतः धरून, आणि ५ शून्ये. नऊ आकडे चढत्या क्रमाने लावले की पाचवा आकडा शून्यच असतो. म्हणून जुन्या मॅटलॅब निकालांत प्रतिमेचे चारही कोपरे काळे ठिपके असतात, आणि सायपायमध्ये नेल्यावर ते नाहीसे होतात. नवे उत्तर अर्थातच अधिक बरे आहे. पण जुन्या निकालांशी तुलना करायची असेल, तर ते बरे असणे हाही फरकच आहे. माझे स्पष्ट मत असे आहे, की भाषांतर आधी जसेच्या तसे करावे, चार काळ्या कोपऱ्यांसह, आणि सुधारणा नंतर वेगळ्या बदलात करावी. दोन्ही एकत्र केल्यास चूक कोणती आणि सुधारणा कोणती हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

हा धडा मला नाथसागरावर मिळाला. एका कामासाठी जायकवाडीच्या जलाशयाचे पाणी सेंटिनेलच्या प्रतिमेतून वेगळे काढायचे होते, आणि पाण्याचा मुखवटा (पाणी असलेल्या पिक्सेलला १ आणि कोरड्याला ० देणारी प्रतिमा) साफ करण्यासाठी इरोजन, म्हणजे मुखवट्याच्या कडेचा एक थर झिजवणे, तीन वेळा चालवायचे होते. मूळ कोड मॅटलॅबमध्ये होता. मॅटलॅबचे इमइरोड प्रतिमेबाहेर सगळीकडे पाणीच आहे असे मानते, त्यामुळे कापलेल्या कडेला लागलेले पाणी तसेच राहते. सायपायचे बायनरी इरोजन मात्र न सांगता बाहेर कोरडे मानते. आमच्या तुकड्याच्या एका कडेला सुमारे ८०० पिक्सेल लांब पाणी लागलेले होते. तीन फेऱ्यांत तिथली तीन पिक्सेल रुंद पट्टी कोरडी झाली. ८०० गुणिले ३ म्हणजे २४०० पिक्सेल, म्हणजे २४ हेक्टर पाणी कागदावरून गेले. नकाशावर ती पट्टी इतकी सरळ होती की ती पाहूनच शंका यायला हवी होती, कारण पाण्याची कड कधी पट्टीने आखल्यासारखी नसते. उपाय एका शब्दाचा होता: बॉर्डर व्हॅल्यू १ करणे. शोधायला दोन दिवस लागले.

हाताने इंडेक्स लिहिताना

तयार फंक्शन नसेल, तर बाहेरच्या इंडेक्सला आतला इंडेक्स शोधून द्यावा लागतो. पायथन किंवा सी प्रमाणे मोजणी शून्यापासून असेल, आणि ओळीच्या लांबीला ‘न’ व इंडेक्सला ‘इ’ म्हटले, तर कड धरून आरशात ऋण इंडेक्स इ च्या जागी उणे १ उणे इ घ्यावा, आणि न किंवा त्याहून मोठ्या इंडेक्सच्या जागी दोन न उणे १ उणे इ घ्यावा. कड वगळून आरशात हीच सूत्रे उणे इ आणि दोन न उणे २ उणे इ अशी होतात. मॅटलॅब आणि ज्युलियात मोजणी १ पासून असल्याने कड धरून आरशाची सूत्रे १ उणे इ आणि दोन न अधिक १ उणे इ अशी, तर कड वगळून आरशाची २ उणे इ आणि दोन न उणे इ अशी होतात. ही सूत्रे एका भाषेतून दुसरीत ‘एक वजा करून’ उतरवण्याचा मोह होतो. तसे न करता ती नव्याने लिहावीत आणि शून्यावा किंवा उणे पहिला इंडेक्स घालून कागदावर तपासावीत.

खिडकीची त्रिज्या (५ च्या खिडकीत २) प्रतिमेपेक्षा मोठी असेल, तर एकदा दुमडून भागत नाही, पुन्हा पुन्हा दुमडावे लागते आणि भागाकाराची बाकी वापरावी लागते. इथे भाषांचा स्वभाव आड येतो. उणे १ ला ५ ने भागून बाकी मागितली, तर पायथन ४ देते, सी आणि जावा उणे १ देतात. मॅटलॅबमध्ये मॉड ४ देते आणि रेम उणे १ देते. ज्युलियात टक्क्याचे चिन्ह रेमसारखे वागते, म्हणून पायथनमधले टक्क्याचे चिन्ह ज्युलियात तसेच ठेवले तर गुंडाळण्याचा कोड मोडतो. तिथे मॉड लिहावे. आणखी एक टोकाची स्थिती: कड वगळून आरशाचे आवर्तन दोन न उणे २ असते, म्हणून एकाच पिक्सेलच्या रुंदीच्या पट्टीवर ते शून्य होते आणि शून्याने भागाकार होतो. अरुंद शेताची पट्टी १० मीटरच्या पिक्सेलमध्ये एका रकान्याची होणे हे आपल्याकडे मुळीच दुर्मिळ नाही.

बॉर्डर हाताळायची राहूनच गेली, तर प्रत्येक भाषा वेगळ्या प्रकारे सांगते किंवा लपवते. मॅटलॅब शून्य इंडेक्सवर लगेच थांबते. जावास्क्रिप्टमध्ये अस्तित्वात नसलेली जागा वाचली की बेरीज नॅन (‘हा आकडा नाही’ अशी खूण) होते. सी मध्ये शेजारची स्मृती वाचली जाते आणि कोणतेही उत्तर येऊ शकते. पायथन सर्वांत फसवे आहे: उणे १ हा इंडेक्स तिथे वैध आहे आणि तो शेवटचा घटक देतो, म्हणून वरच्या आणि डाव्या कडेला प्रतिमा आपोआप गोल गुंडाळली जाते, तर खालच्या आणि उजव्या कडेला कोड चूक दाखवून थांबतो. थांबलेला भाग दुरुस्त केला जातो आणि डावा भाग तसाच राहतो. आपल्या ओळीचे पहिले उत्तर १४४ आणि शेवटचे १४४ सोडून काहीही आले, तर हेच घडले आहे.

जे बॉर्डरसारखे दिसते पण बॉर्डर नाही

फरक दिसला की तो बॉर्डरचाच आहे असे मानू नये. दोन्ही निकालांची वजाबाकी करून आतला भाग आणि कडेची चौकट यांतला कमाल फरक वेगवेगळा काढावा. आतला फरक शून्य आणि चौकटीतला मोठा असेल, तरच दोष बॉर्डरचा. चौकटीची जाडी त्रिज्या गुणिले फेऱ्या इतकी असते: ५ बाय ५ च्या तीन फेऱ्यांत ६ पिक्सेल.

आत सगळीकडे १ चा फरक असेल, तर तो पूर्णांकाचा दोष आहे. ८ बिटांच्या पूर्णांकांत मॅटलॅब २०० अधिक १०० चे २५५ करते, नमपाय ४४ करते. शिवाय मॅटलॅब जवळच्या पूर्णांकाकडे नेते, तर नमपायमध्ये रूपांतर करताना दशांश कापले जातात. म्हणून तुलना सुरू करण्यापूर्वी दोन्हीकडे प्रतिमा दशांश प्रकारात आणावी.

पूर्ण प्रतिमाच एका पिक्सेलने सरकली असेल, तर खिडकी समसंख्येची आहे. ४ पिक्सेलांच्या खिडकीचा मध्य मॅटलॅबच्या इमफिल्टरमध्ये दुसरा पिक्सेल असतो, तर सायपाय आणि ओपनसीव्हीत तिसरा. सायपायच्या कोरिलेटमध्ये ओरिजिन उणे १ दिल्यास मॅटलॅबशी जुळते. उत्तर आडवे-उभे उलटलेले दिसत असेल, तर एकीकडे कोरिलेशन आणि दुसरीकडे कॉन्व्होल्यूशन चालू आहे: पहिल्यात कर्नल (खिडकीतल्या प्रत्येक जागेचे वजन सांगणारा तक्ता) जसाच्या तसा लावतात, दुसऱ्यात उलटवून. हे तपासण्यासाठी शून्यांच्या ९ बाय ९ चौकोनाच्या मधोमध १ ठेवून १ ते ९ आकड्यांचा ३ बाय ३ कर्नल चालवावा. उत्तरात कर्नल सुलटा उमटला तर कॉन्व्होल्यूशन, उलटा उमटला तर कोरिलेशन. इमफिल्टर आणि ओपनसीव्हीचे फिल्टर-टूडी न सांगता कोरिलेशन करतात.

गॉसियन फिल्टरमध्ये कर्नलची रुंदीच वेगळी निघते. सिग्मा (गॉसियनचा पसरटपणा) २ असताना मॅटलॅबचे इमगॉसफिल्ट ९ रुंदीचा कर्नल घेते आणि सायपाय १७ रुंदीचा, म्हणून कडेचा परिणाम एकीकडे ४ पिक्सेल आणि दुसरीकडे ८ पिक्सेल आत पोहोचतो. सायपायमध्ये ट्रंकेट २ दिल्यास रुंदी ९ होते.

फेऱ्या आणि तुकडे

एकाहून अधिक फेऱ्या असतील, तर प्रत्येक फेरीआधी नव्याने कड भरणे आणि सुरुवातीलाच भरपूर कड भरून शेवटी कापणे या दोन गोष्टी शून्य भरताना किंवा कड पुन्हा लिहिताना एकच उत्तर देत नाहीत. आरशाच्या दोन्ही पद्धतींत, कर्नल दोन्ही बाजूंनी सारखा असेल तर, उत्तर एकच येते, कारण आरशात पाहिलेल्या ओळीवर सममित फिल्टर चालवल्यावर मिळणारी ओळही आरशातलीच असते. सेंटिनेलची १०,९८० बाय १०,९८० पिक्सेलांची पूर्ण प्रतिमा तुकड्यांत चालवताना मात्र आरसा फक्त प्रतिमेच्या खऱ्या कडेला ठेवावा. तुकड्यांच्या आतल्या सीमांवर त्रिज्या गुणिले फेऱ्या इतके खरे शेजारी सोबत घ्यावेत आणि नंतर कापून टाकावेत. सेंटिनेल-२ मध्ये माहिती नसलेल्या पिक्सेलांची किंमतही शून्य असते, म्हणून शून्य भरलेली कड आणि खरोखर माहिती नसलेला भाग निकालात वेगळे ओळखू येत नाहीत. अशा प्रतिमांवर शून्य भरणे मी टाळतो आणि शक्य असेल तिथे उपलब्ध पिक्सेलांपुरतीच सरासरी काढतो. ज्युलियात त्यासाठी ‘एनए’ हा तयार पर्याय आहे, इतरत्र प्रतिमा आणि तिचा मुखवटा यांवर तोच फिल्टर शून्य भरून चालवून एकाला दुसऱ्याने भागावे लागते.

चाचण्यांसाठी ७ बाय ९ ची, दोन्ही बाजूंना वेगळी लांबी असलेली आणि कोणत्याही दिशेने सममित नसलेली छोटी प्रतिमा ठेवावी, म्हणजे ओळी आणि रकाने यांची अदलाबदलही त्याच वेळी पकडली जाते. तिच्यासोबत एका पिक्सेलची, एका ओळीची आणि एका रकान्याची प्रतिमा ठेवावी. मूळ भाषेतून या सर्वांची उत्तरे फाइलमध्ये साठवून नव्या कोडशी ताडून पाहावीत. आणि नव्या कोडमध्ये फिल्टरच्या वर जी टिप्पणी लिहायची, तिच्यात ‘रिफ्लेक्ट’ किंवा ‘सिमेट्रिक’ असे नाव लिहून थांबू नये. वाढवलेली ओळच लिहावी: ६०, ३०, मग उभी रेघ, मग ३०, ६०, १२०, २१०, ३००, पुन्हा उभी रेघ आणि ३००, २१०.